मागं म्हणणाऱ्याचा माइक

॥ ॐ नमः शिवाय ॥

धारूर, सोमवार

चि. अमरनाथभाऊजी यांस नीलावहिनीचा शरणार्थ आणि अनेक आशीर्वाद. चि. सौ. योगिताच्या गुडघ्याचं कसं आहे ते कळवावं. (निर्गुडीचा पाला बांधायला निरोप धाडून सांगितला होता तो बांधला नसणार, हे मी इथं बसून सांगते.) तुमची शुगर आटोक्यात असावी. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. खरं म्हणाल तर खुशाल एकटी दुकानातली मांजर आहे. फोन न करता पत्र कशाला, असं तुमच्या मनात येईल. दोन वर्षांत तुम्ही आमचा फोन एकदाही उचललेला नाही. शिवाय मी फोनवर बोलायला लागले की हे हातातलं माप टाकून जवळ येऊन उभे राहतात आणि कुणाचा फोन म्हणून विचारत नाहीत. विचारलं असतं तर परवडलं असतं.

पत्रास कारण पेटीचं. मामंजींची पेटी वाटणीत तुमच्याकडे आली, ती योग्यच आली, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. (वीणा आमच्याकडे आली. तिच्यावर मी टॉवेल वाळत घालत नाही, एवढाच तिचा मान.) त्या पेटीतला एक सूर पडलेला आहे. कोणत्या पट्टीचा, कितवा, तेवढं एका कार्डावर लिहून पाठवावं. बाकी काही काम नाही. तो कशाला पाहिजे ते थोडक्यात सांगते.

श्रावणापासून तुमच्या भावाचा आवाज बसलाय. साखर संपली एवढं सांगितलं तरी गिऱ्हाईक विचारतं, घरात कुणी वारलं का. लातूरला नेलं. डॉक्टरनं नळी घालून पाहिलं, गळ्यातल्या पडद्यावर गाठ निघाली. गाठ साधी आहे, तपासून आलीय, तिची काळजी करू नका. पण ती काढावी लागणार, आणि काढल्यावर बोलता येईल, गाता येईलच असं नाही, असं डॉक्टरनं तोंडावर सांगितलं. पुढच्या महिन्याची अठरा तारीख दिलीय. हे म्हणाले, दुकान काय, हातवाऱ्यानं बी चालतंय. येताना एसटीत धारूर येईपर्यंत खिडकीबाहेर पाहत होते. त्याच वेळी मला समजलं की आता घरात काहीतरी विकत आणलं जाणार. काही माणसं रडतात, तुमचे भाऊ खरेदी करतात.

मामंजींची एकतीस भजनं आहेत हे तुम्हाला मी सांगायला नको. त्यांनी एकही लिहून ठेवलं नाही. लिहिलेलं भजन कपाटात जातं म्हणायचे. (न लिहिलेलं कुठं जातं हे त्यांना विचारायचं राहून गेलं.) ती सगळी अठरा तारखेच्या आत यांच्या आवाजात भरून ठेवायची, असा बेत ठरला. आमची शिवांजली पुण्याहून म्हणाली, अप्पा, मोबाइलवर भरा, छान येतंय. हे म्हणाले, ज्याच्यावर तुरीचा भाव ऐकतो त्याच्यावर बाबांचं भजन घेऊ काय. मग तिनं फोनवर यादी सांगितली आणि यांनी ती दुकानाच्या पुडीच्या कागदावर उतरवून घेतली. पहिला नंबर माइकचा. शिवांजलीनं चार माइकांची नावं सांगितली तर यांनी प्रत्येकाचं वजन विचारलं. तीस वर्षं धान्य हाताळलेला माणूस, भरीव तेच चांगलं हे डोक्यात पक्कं. सगळ्यात जड होता तो मागवला. तो आला, मठातल्या लाऊडस्पीकरच्या मशिनीला जोडला, आणि त्यातून हूं की चूं नाही. दुसरं कुणी असतं तर वायर तपासली असती. यांनी माइक तागडीत घातला. वजन छापल्याप्रमाणे बरोबर भरलं, तेव्हा तर हे फारच गोंधळले.

पुढं कळलं की असल्या माइकला वायरीतूनच वीज पाजावी लागते आणि त्यासाठी एक वेगळा डबा घ्यावा लागतो. डबा आला. डब्याला लॅपटॉप लागतो, तो शिवांजलीनं आपला जुना पाठवला. मग कानाला लावायचे ते मोठे हेडफोन आले, आणि तिथून माझे दिवस फिरले. ते घातल्यावर यांना घड्याळ ऐकू यायला लागलं, फ्रीज ऐकू यायला लागला, पाल ऐकू यायला लागली. मी भांडी घासली तर मागच्या खोलीतून विचारायचे, काहून आदळतीस. चौतीस वर्षांच्या संसारात माझं बोलणं कधी ऐकू आलं नाही, आणि आता पदर खोचलेला ऐकू येतोय. मग आवाज अडवायला मागच्या गोदामाच्या भिंतीला सरकी पेंडीची पोती लावली, त्यावर शिवांजलीच्या लग्नासाठी भरून ठेवलेल्या गाद्या उभ्या केल्या, त्यावर माझ्या वाकळा. (घरात पाहुणा आला तर त्याला पेंडीवर झोपवावं लागेल, तरी योगिताला आधी कळवून ठेवा.) एवढं करून शेजारच्या आसारामची पिठाची गिरणी राहिलीच. यांनी त्याला हात जोडून सकाळी अकरा ते बारा गिरणी बंद ठेवायला लावली. आसाराम भला माणूस, ऐकलं त्यानं. पण गल्लीतल्या बायका दळणाचे डबे घेऊन माझ्याच दारात येऊन बसायला लागल्या, आणि त्यांच्या बोलण्याचा आवाज गिरणीपेक्षा जास्त यायला लागला.

आता पेटीचं. हे काही पेटी वाजवत नाहीत, वाजवायचात तुम्ही. पण सुराला पेटी पाहिजे म्हणून लातूरच्या दुकानात गेलो. हे तूर पाहतात तशी पेटी पाहिली. झाकण काढून आत हात घातला, वास घेतला. दुकानदारानं सगळे सूर वाजवून दाखवले. हे डोळे मिटून ऐकत होते. मग त्याला आपली एक चाल म्हणून दाखवली, त्यानं ती बोटानं धरली, आणि मधेच एका जागी हे थांबले. म्हणाले, हितं चुकतीय. दुकानदारानं मोबाइल लावून सूर मोजला, त्याच्यावर हिरवा दिवा लागला. म्हणाला, अप्पा, सूर बरोबर आहे. हे म्हणाले, तेच म्हणतोय, बरोबर हाय, जरा उतरवून द्या. त्या माणसाचा जन्म पडलेले सूर चढवण्यात गेलेला. नवी कोरी पेटी बिघडवून मागणारं गिऱ्हाईक त्याला पहिलंच भेटलं. त्यानं हात जोडले. मग मला उमजलं की मामंजींच्या पेटीतला तो पडका सूर धरूनच तुम्ही दोघं लहानपणापासून गायलात, आणि आता बरोबर सुरात यांना सगळं परक्याचं वाटतं. पेटी घेऊन तर आलो. रामहरी गुरुजी येऊन वाजवतात. पण नेमका कोणता सूर उतरवायचा हे यांना सांगता येत नाही. गाताना कळतं, बोट ठेवायला सांगितलं की पाचसहा ठिकाणी ठेवतात.

इथवर लिहून पत्र संपवणार होते, कारण विचारायचं ते विचारून झालंय. पण अर्धवट सांगितलेलं मला पचत नाही. तुम्हाला माहीत आहे की आपल्या घरात झील म्हणजे नुसतं पहिलं पद परत म्हणणं नसतं. मामंजींनी प्रत्येक कडव्याला उत्तराची ओळ वेगळी बांधली. विचारायची ओळ थोरल्याला शिकवली, उत्तराची धाकट्याला. तुम्हा दोघांना वेगवेगळं बसवून शिकवायचे, हे सासूबाई सांगायच्या. त्यांनी मुद्दाम केलं, का दोघं एका जागी बसले की मारामारी करायचे म्हणून केलं, देव जाणे. आता हे गोदामात माइकपुढं बसले. ‘तोलता तोलता जन्म गेला, माप कोण धरी’ एवढं म्हटलं आणि थांबले. डोळे मिटलेले, हात टाळावर, मान जरा डावीकडं, तुम्ही बसायचात तिकडं. तुमच्या ओळीला लागतो तेवढा वेळ गप्प बसले आणि मग पुढचं कडवं घेतलं. सात भजनं अशीच भरली. मग हेडफोन घालून ऐकलं आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाले, मशीन अर्धंच घेतंय. मी म्हटलं, होतंच अर्धं. तर म्हणाले, तुला यातलं कळत न्हाई, हा माइक एकाच बाजूचं ओढतो, डावीकडं दुसरा पाहिजे.

भाऊजी, दुसरा माइक आला. पहिल्याइतकाच जड. डाव्या बाजूला स्टँडवर लावला, त्याच्यापुढं मामंजींच्या वेळचं आसन टाकलं, आणि हे परत गायला बसले. दुसऱ्या माइकवर यांचाच आवाज लांबून आल्यासारखा बारीक आला, बाकी काही नाही. यांनी कंपनीला फोन लावला. तिकडून एक मुलगी बोलली, लई शांत पोरगी. वायर बघा म्हणाली, बघितली. डब्यावरचा दिवा बघा म्हणाली, तो लागलेला. माइक उलटा तर धरला नाही ना, विचारलं, तर सुलटाच होता. पाऊण तास तिनं कंटाळा केला नाही. शेवटी विचारलं, सर, त्या माइकसमोर कोण आहे? यांनी डावीकडच्या आसनाकडं पाहिलं. मग म्हणाले, सध्या कुणी न्हाई. ती म्हणाली, मग माइक बरोबर आहे, सर. यांनी फोन ठेवला, दुकानाचं शटर ओढलं आणि चार वाजेपर्यंत उघडलं नाही. जेवले पण नाहीत.

उपाय करून पाहिले. शिवांजलीनं मधल्या रिकाम्या जागा कापून ओळी जोडून पाठवल्या, तर मागं कुत्रं लागल्यावर माणूस गाईल तसं ते भजन झालं. मग तिनं यांचाच आवाज बारीक करून मागं लावला. ते ऐकून हे म्हणाले, येडा माणूस सोताशी बोलतोय असं वाटतंय, पुसून टाक. रामहरी गुरुजी डावीकडं बसले, पण त्यांना उत्तराच्या ओळी येत नाहीत, ते पहिलीच परत म्हणतात. म्हणजे यांनी विचारायचं, माप कोण धरी, आणि त्यांनी पण विचारायचं, माप कोण धरी. चुलीपाशी ऐकून ऐकून मला चारपाच भजनांच्या तुमच्या ओळी येतात. मी बसले. यांनी शेवटपर्यंत म्हणू दिलं आणि म्हणाले, बरं म्हटलंस. लग्न झाल्यापासून हे माझ्याशी इतक्या गोडीनं कधी बोलले नाहीत, त्यावरून मी काय ते ओळखलं. यांना स्वतःला तुमच्या ओळी येत असतील असं तुम्हाला वाटेल. चाळीस वर्षं कानावर पडल्या, पण त्या वेळी यांचं लक्ष पुढच्या कडव्याकडं. एक ओळ धड आठवत नाही. वही घेऊन बसले होते, वहीत एकतीस नंबर घातले आणि पुढं कोरं सोडलं.

दोन वर्षांपूर्वी मामंजींच्या पुण्यतिथीला मठात काय झालं ते मला उगाळायचं नाही, पण लिहायला बसले तर वगळता येत नाही. तुम्ही ओळ जरा लवकर उचलली. यांनी टाळ थांबवला आणि चारचौघांत म्हणाले, मागं म्हणायला काय लागतंय, कुणीबी म्हणंल. तुम्ही पेटी मिटली आणि प्रसाद न घेता निघून गेलात. त्या दिवशी मी दोघांवर चिडले होते. यांच्यावर बोलल्याबद्दल, तुमच्यावर उपाशी गेल्याबद्दल. मला लई वाईट वाटलं, अजूनही वाटतं. हे चुकले होते, भाऊजी. तेव्हा मी मठात सगळ्यांसमोर तसं बोलायला पाहिजे होतं. बाईनं मठात बोलायचं नसतं म्हणून गप्प बसले आणि घरी येऊन भांडले, त्याचा उपयोग झाला नाही.

तर सुराचं तेवढं कळवावं. हे पत्र मी लिहिलं असं यांना कळू देऊ नये. योगिताला आशीर्वाद, आणि तुम्ही गोड खात असाल ते बंद करा.

तुमची वहिनी,
नीला

ता. क. सुराचं कळवलं नाही तरी चालेल. तो मी नुसता निमित्ताला धरला होता. आजपर्यंत बारा भजनं भरून झालीत आणि बाराही अर्धी आहेत. आवाज रोज थोडा जातोय, सकाळी अर्धा तास चालतो, मग नुसता वारा येतो. तुमच्या ओळी तुमच्याशिवाय कुणाला येत नाहीत, आणि यांना त्या जागी दुसरा आवाज चालत नाही. पेटी घेऊन अठरा तारखेच्या आत जमलं तर या.

ता. ता. क. पाकीट चिकटवायच्या आधी पत्र यांच्या हाती लागलं. गल्ल्यापाशी उभ्या उभ्या दोनदा वाचलं. मला वाटलं, आता फाडणार. भजनं बारा नव्हे, तेरा झालीत, एवढंच म्हणाले आणि माझ्याकडून पेन मागून घेतला. वर ‘जमलं तर’ हे दोन शब्द खोडलेले दिसतील. ते मी खोडलेले नाहीत.