गारगोटीची धार

सोमवार, ३ मार्च

पुन्हा फुसका बार! काल रविवारची सगळी गर्दी संग्रहालयाच्या अंगणात उभी, पोरांनी कानांवर हात दाबून धरलेले, आणि मी चाप ओढला तर नुसतं — खट्! त्या जुन्या चकमकीच्या बंदुकीला आम्ही म्हातारी म्हणतो. म्हातारी साधी खोकलीसुद्धा नाही. मागून कोणीतरी म्हणालं, "बाईमाणूस, घाबरली असेल." घाबरतंय माझं खेटर!

संग्रहालयाच्या मॅडमनी खोलीत बोलावलं. "आणखी एकदा असं झालं तर आपण स्पीकरवर आवाज लावू." स्पीकरवर! माझ्या सासऱ्यांनी उभा जन्म हा बार काढला. डोळ्यांनी दगा दिला तेव्हा पोटचा मुलगा सोडून मला शिकवलं. ते काम आता एका खोक्याला द्यायचं? मी नाही देणार.

मंगळवार, ४ मार्च

बंदूक तिथेच कुलपात असते. ठिणगी पाडणारी तिची गारगोटी मात्र मी डबीत घालून घरी आणते. आज ओट्यापाशी बसून तिची कड नीट केली — पितळी दांडीने हलके हलके टिचकवत, पापुद्रे काढत. काजळी कोरड्या फडक्याने पुसली. जुन्या कानशीवर घासली तर ठिणग्याच ठिणग्या! सासूबाई म्हणाल्या, "घर पेटवशील एक दिवस."

बुधवार, ५ मार्च

सकाळी सहज पुन्हा घासून पाहिली. मेलेली! धार तशीच, ठिणगी नाही. बोटाला ओशट लागली. दगड ओशट झाला की पोलादावरून नुसता घसरतो. बाबांचा — सासऱ्यांचा — हा मला पहिला धडा.

डबी रात्रभर ओट्यावर होती आणि सासूबाईंनी तळण काढलं होतं. तोंडातून निघूनच गेलं, "आई, तुमच्या कढईने माझं काम खाल्लं!" त्या काय ऐकून घेतायत! "नाचता येईना, अंगण वाकडं." नवरा पेपरात तोंड खुपसून बसला. बाबा मात्र हळूच म्हणाले, "जाऊ दे पोरी. स्पीकर तर स्पीकर."

त्यांनी असं म्हणावं? फार लागलं मनाला.

शुक्रवार, ७ मार्च

काल गारगोटी स्पिरिटने पुसली, वाळवली, ठिणग्या पाहिल्या आणि डबी कपाटात साड्यांखाली ठेवली. आज परत ओशट! कपाटात कोण तळण काढतं? सासूबाईंची माफी मागितली. "माफी राहू दे, कढई घास," म्हणाल्या. घासली.

म्हणजे कोणीतरी मुद्दाम करतंय. करा! बघतेच.

शनिवार, ८ मार्च

डबीत एक झिजका दगड ठेवून दिलाय. खरी गारगोटी पुसून, रुमालात बांधून माझ्या कमरेला. टोचते. टोचू दे.

रविवार, ९ मार्च

उडाला!! असा उडाला की कबुतरं भुर्र झाली, एक बाळ भोकाड पसरून रडलं आणि मॅडमच्या हातातला चहा सांडला. डोळ्यांत धूर आणि मी वेड्यासारखी हसतेय. सगळ्यांत जोरात टाळ्या सासूबाईंच्या. मॅडम स्वतः येऊन म्हणाल्या, "स्पीकर रद्द." बाबा टाळ्या न वाजवता खुर्चीत बसून होते. ऊन लागलं असेल.

सोमवार, १० मार्च

कपाटातली डबी आज उघडली. झिजका दगडही ओशट. वास घेतला — डोक्याला लावायचं थंड तेल. आमच्या घरात ते एकच माणूस लावतं.

डबी बाबांपुढे ठेवली. त्यांनी नाकारलं नाही. "वाटलं, तुझे बार फुकट गेले तर स्पीकर लावण्याआधी ते मला परत बोलावतील."

"मग मला शिकवलंत कशाला?"

"तुला जमेल असं वाटलं नव्हतं."

खूप रडले. येत्या रविवारी बार मीच काढणार.