अण्णांची फेरी

रविवार, संध्याकाळ

ट्रॅक्टरच्या पॉवर स्टेअरिंगचं ऑइल गळायचं. स्टेअरिंग जड झालं, वडलांच्या, म्हणजे अण्णांच्या, दुखऱ्या खांद्याला वळेना. दादाचा फोन आला, म्हणून वाळूजहून सुट्टीला गावी आलो अन् सील बदललं. अण्णांनी वावरात फेरी मारली, एका हातानं. एका हातानं! लई हसत होते.

बांधावरून दादा ओरडला, "उतरा आता. गिऱ्हाईक येतंय. दुरुस्ती इकायसाठी केली, तुमच्यासाठी नाय."

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. "तुला ठावं व्हतं?"

"नाय, अण्णा."

ते उतरले अन् चावी दादाला दिली. दादानं एवढ्या गोडीनं बोलावलं, तेव्हाच मला कळायला नको होतं का?

निघताना पाया पडायला वाकलो, तर अण्णांनी पाय मागं घेतले.