तीनडोळ्याचं माप

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा, एक कान धरूनच, नमस्कार. (दुसरा कान तू येऊन धरशील म्हणून मोकळा ठेवला आहे.) गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी चालायला सांगितलं की तू बसून राहतेस आणि बसायला सांगितलं की सगळं घर झाडून काढतेस, असं भावोजी फोनवर म्हणत होते. आवाज फार बारीक होता त्यांचा, म्हणजे तू शेजारीच असणार. त्यांनाही तब्येतीला जपायला सांग. इकडे आम्ही सगळे ठीक. ही ठीक आहे, दवाखाना ठीक चालला आहे. मी कसा आहे ते पुढे येईलच. वाचून तूच ठरव.

तर ऑपरेशननंतर तू फोनवर सहज म्हणालीस, "पडून पडून कंटाळा आला रे. आपला तीनडोळ्या पाठवून दे ना, उशाशी ठेवते." मी म्हणालो, "हो, उद्याच पाठवतो." फोन ठेवला आणि माझ्या लक्षात आलं, की मी पन्नाशीला टेकलेला माणूस आहे, भिंतीवर माझी दंतवैद्यकाची पदवी काचेत लावलेली आहे, आणि तरी अंगठ्याएवढा हिरवा रबरी राक्षस सख्ख्या बहिणीला द्यायला माझं मन तयार नाही.

तुला सगळं आठवत असेलच, पण तुझी आठवण तुझ्या सोयीची असते, म्हणून माझ्या सोयीचं लिहितो. बिस्किटांच्या पुड्यात राक्षस आणि च्युइंगगमच्या वेष्टणात त्यांची कार्डं. पुडा दुकानातच दाबून बघायचा, आत शिंग लागतंय का शेपटी ते. (दुकानदाराने शेवटी आपल्याला हात मागे बांधून आत यायला लावलं होतं.) ढेरपोट्या, लोंबकळ्या, बिनकान्या, आणि तो एक जांभळा, ज्याला तू आपल्या गणिताच्या मास्तरांचं नाव दिलंस आणि आईच्या हातचा धपाटा मला बसला. कार्डावर प्रत्येकाचं बळ, वेग आणि दहशत छापलेली. तीनडोळ्याची दहशत सगळ्यांत जास्त, त्यामुळे तो कुणाच्याच पुड्यात निघायचा नाही. जिन्याच्या पायऱ्यांवर अदलाबदलीचा बाजार भरायचा आणि तू वरच्या पायरीवर बसायचीस. समोरच्या पोराला तुझ्या बिनकान्यात काहीतरी अलौकिक आहे असं वाटेपर्यंत तू त्याच्याकडे बघायचीसुद्धा नाहीस. तीनडोळ्या तू असाच मिळवलास, हे मी मान्य करतो. पण तो धुण्याच्या बादलीत गेला तेव्हा साबणाच्या पाण्यात खांद्यापर्यंत हात घालून मी काढला, हेही तू मान्य कर. तो तुझा होता की माझा, याचा निकाल अजून लागायचा आहे. ताबा माझ्याकडे आहे, एवढंच.

मग मला एक युक्ती सुचली. (इथे तू चष्मा काढून कपाळ चोळशील. चोळ.) माणसाच्या तोंडाचं माप घेऊन हुबेहूब कवळी बनवण्यावर ज्याचं पोट चालतं, त्याला एक राक्षस बनवणं काय अवघड? दुपारी दवाखाना रिकामा असताना मी मापाच्या ट्रेमध्ये मऊ रबर भरलं, तीनडोळ्या पालथा त्यात दाबला आणि घट्ट होईपर्यंत धरून ठेवला. तेवढ्यात आमच्या सिस्टर आत आल्या. मी त्यांच्याकडे पाठ करून उभा राहिलो. त्या म्हणाल्या, "डॉक्टर, पेशंट कुठाय?" मी म्हणालो, "गेला." आजवर एवढं खोटं कधी बोललो नव्हतो, पण मान ताठ ठेवली होती. माप उत्तम उतरलं. तिन्ही डोळे, पोटावरची खवलं, सगळं. प्लास्टर ओतायचं, रंगवायचं, तुला नक्कल पाठवायची आणि अस्सल माझ्या खणात ठेवायचा, असा बेत. तुला कळणारही नाही अशी माझी समजूत होती. (बघ, किती वर्षं तुझ्याबरोबर राहून काही शिकलो नाही.)

आता मुख्याध्यापिकाबाई. या निवृत्त बाई माझ्या पेशंट. वरचे सगळे दात काढल्यापासून त्या तोंडावर पदर धरून बोलायच्या आणि कुणाकडे जायच्या नाहीत. मी त्यांना एक कवळी करून दिली, ती त्यांनी रुमालात बांधून परत आणली. "डॉक्टर, हे दात माझे नाहीत." दुसरी केली. तीही परत. "हे कुणातरी रागीट माणसाचे आहेत." कवळी घातली की त्यांचा ओठ पुढे यायचा आणि त्या सतत कुणाला तरी वर्गाबाहेर उभं करणार आहेत असं वाटायचं. मी मनात म्हणायचो, बाईंचा चेहराच तसा आहे. तोंडाने म्हणायचो, सवय होईल. तिसऱ्या मापाच्या वेळी त्या खुर्चीत ताठ बसून म्हणाल्या, "हे शेवटचं. मग मी अशीच राहीन." ते ऐकून मला जरा कसंतरी झालं, खोटं कशाला सांगू. तू गेली कित्येक वर्षं म्हणतेस की मला कशाचं काही वाटत नाही, म्हणून मुद्दाम लिहितो.

त्या दिवशी दोन मापं टेबलावर शेजारी शेजारी होती. दोन्ही ओल्या कापसात गुंडाळलेली. लॅबला पाठवायच्या मापावर बाईंच्या नावाची चिठ्ठी मीच चिकटवली. म्हणजे सिस्टरांवर ढकलण्याची सोयच मी ठेवली नाही.

दोन दिवसांनी कवळ्या बनवणाऱ्या लॅबवाल्यांचा फोन आला. मी तेव्हा एका पैलवानाची दाढ उपटत होतो. दाढ येत नव्हती आणि पैलवान जात नव्हता. फोन सिस्टरांनी घेतला. "डॉक्टर, लॅबवाले विचारतायत, बाईंच्या मापाचं नक्की काय करायचं? नेहमीसारखं दिसत नाहीये म्हणतात." आणि ताई, मी, ज्याने चिठ्ठी चिकटवताना मापाकडे बघितलंही नव्हतं, तो घाम पुसत गरजलो, "जसं माप आहे तसंच करा म्हणावं! माझ्या मापावर शंका नकोत!" लॅबवाले आज्ञाधारक. पुन्हा फोन आला नाही.

बाई आल्या त्या दिवशी इस्त्रीची साडी नेसून आल्या. पुतणीकडे सगळे जमणार होते आणि या वेळी त्यांनी येते म्हणून कळवलं होतं. मी खुर्ची आडवी केली, दिवा लावला आणि (दोन कवळ्यांची नामुष्की धुऊन काढायची म्हणून) डबी त्यांच्या समोरच धरून म्हणालो, "बाई, आता बघा, खास तुमच्यासाठी." आणि झाकण उघडलं.

आत तीनडोळ्या होता. कवळीच्या गुलाबी रंगाचा, पाठीकडून सपाट, पुढून राक्षस, घासून पुसून असा चकाकता की तिन्ही डोळ्यांत माझा दिवा दिसत होता. खाली बाईंच्या नावाची चिठ्ठी.

सिस्टरांच्या हातातला चिमटा पडला. बाईंनी चष्मा चढवला. तीनडोळ्याला बोटांत धरून आधी सरळ बघितलं, मग उलटा करून. "वरचा की खालचा?" त्यांनी विचारलं. मी चाचरत म्हणालो, "बाई, तो... माझा आहे. म्हणजे बहिणीचा. म्हणजे..."

आणि बाई हसल्या. सुरुवातीला नाकातून, मग खांदे हलवून, मग खुर्चीसकट. पदर खाली घसरला, चष्मा कपाळावर गेला, तोंडाचं बोळकं उघडं टाकून त्या हसत सुटल्या, आणि त्यांना बघून सिस्टर, आणि शेवटी मीही. त्या हसत असताना मला दिसलं, की त्यांचा वरचा ओठ मोकळा सुटला की चांगला वर, आत बसतो. आजवर मी मापं घेतली ती माझ्या धाकाने ओठ आवळून बसलेल्या बाईंची. दोन्ही कवळ्यांतला रागीट माणूस मी होतो. मी त्यांना तसंच हसतं ठेवून ओठाची जागा नव्याने आखून घेतली. (अधूनमधून हसू ओसरलं की सिस्टर राक्षस दाखवायच्या.)

त्या दिवशी त्या पुतणीकडे बिनकवळीच्याच गेल्या. पर्समध्ये गुलाबी तीनडोळ्या. तिथे सगळ्यांना दाखवून, तोंडावर पदर न घेता, माझी गोष्ट सांगितली असं नंतर कळलं. माझी कीर्ती आता त्या घरात लहान पोरांपर्यंत पोचली आहे. नवी कवळी परवा बसवली. आरशात बराच वेळ बघून म्हणाल्या, "हो. ही मी."

गुलाबी तीनडोळ्या मात्र परत देत नाहीत. चिठ्ठीवर त्यांचं नाव आहे म्हणतात. वर खुर्चीतून उठताना म्हणाल्या, "आजारी बहिणीला नक्कल पाठवणार होतात? लाज नाही वाटत? अस्सल पाठवा. आजच." मी हात मागे बांधून "हो बाई" म्हणालो. तेव्हा सोबतच्या डबीत अस्सल तीनडोळ्या पाठवत आहे. त्याला उशाशी ठेव, लवकर बरी हो आणि धाकट्याला माफ कर.

तुझा आज्ञाधारक
धाकटा

ता. क. डबी हलकी लागली तर पोस्टाला दोष देऊ नकोस. तिच्यात नुसता कापूस आहे. चिकटपट्टी लावेपर्यंत तो आत होता, मग काढून घेतला, हातातून सुटेना. बाईंना कळवू नकोस. तू स्वतःच घ्यायला ये.

ता. क. दुसरा. खरं म्हणजे पत्र यासाठीच लिहायला घेतलं होतं. गेले काही महिने फोनवर तुझ्या 'स'ला शिट्टी लागते. समोरचा दात हलतोय की पडला? आणि हल्ली हसायला लागलीस की मध्येच आवाज दबतो. हात तोंडावर जात असणार. बाईंचा तसाच जायचा. घरात दंतवैद्य असून सांगितलं नाहीस, याचा राग मी तू आल्यावर व्यवस्थित काढीन. गुडघा वाकायला लागला की ये. आमची खुर्ची पूर्ण आडवी होते, पायाला त्रास व्हायचा नाही. आणि माप घेताना तुला हसवायची जबाबदारी माझी. तेवढं मला न शिकवता येतं.