नळ सोडला की हॉर्न

२ मार्च, रविवार

कॅम्पर घेतला. वापरलेला आहे, पण वापरलेला म्हणजे अनुभवी. गाडीतच पलंग, ओटा, नळ, दिवा. चाकांवरचं घर. मूळ मालक म्हणाला, किरकोळ कामं आहेत, एखादा रविवार पुरेल. किल्ली देताना तो फार खूष दिसला. आपली वस्तू चांगल्या घरी पडली की माणसाला बरं वाटतंच.

योजना अशी. बायको ३१ला निवृत्त होते. चौतीस वर्षं हॉस्पिटलात नर्स, त्यातली निम्मी पहाटेच्या ड्यूटीची. १ एप्रिलला निघायचं. २ला सकाळी ती समुद्राकाठी उठेल, गजराशिवाय, स्वतःहून. तसा शब्द दिला आहे. समुद्राचा शब्द याआधीही दोनदा दिला होता, पण तेव्हा ऑफिसचं ऑडिट आडवं आलं.

निश्चय: सगळी दुरुस्ती स्वतः करायची. गॅरेजवाल्याला हात लावू द्यायचा नाही.

३ मार्च, सोमवार, सकाळी ७

गाडी सुरू होत नाही. बहुधा थंडी.

दुपारी १२

थंडी नाही.

समोरच मिस्त्रीचं गॅरेज. तो स्टूल बाहेर टाकून बसलेला असतो. बघू का, म्हणाला. म्हटलं, बघा की, तिथूनच बघा.

५ मार्च, बुधवार

बॅटरी! मीच शोधून काढलं. मिस्त्री सकाळपासून रस्त्यापलीकडून बॅटरी, बॅटरी असं ओरडत होता हे खरं, पण माझा विचार आधीच त्या दिशेने चालला होता.

९ मार्च, रविवार

छतावरची खिडकी गळते. सीलंटच्या तीन ट्यूब आणल्या. एक छताला लागली, एक शर्टाला. तिसरी दिवसभर सापडेना. संध्याकाळी कळलं की मी तिच्यावर बसलो होतो.

खिडकी आता उघडत नाही. जी उघडतच नाही ती गळेल कशी?

बायको ड्यूटीवरून आली. शर्ट पाहून म्हणाली, फेकून द्या. खिडकी पाहून काहीच म्हणाली नाही. मनातून कौतुक वाटलं असणार.

१२ मार्च, बुधवार

आतला दिवा लागत नाही. मिस्त्री म्हणाला, फ्यूज बघा. फ्यूज कोणीही बघेल! दुखण्याच्या मुळाशी जायला हवं. सगळ्या वायरी सोडवल्या. भरल्या बेचाळीस.

एकतीस वर्षं रेकॉर्ड विभागात काढलेला माणूस कच्चं काम करत नाही. प्रत्येक वायरीला चिठ्ठी, चिठ्ठीवर नाव आणि क्रमांक, माझ्या वळणदार अक्षरात, शाईच्या पेनाने. बायको म्हणाली, मार्करने लिहा, आम्ही रक्ताच्या बाटल्यांवर मार्करनेच लिहितो. मार्करने अक्षराला डौल येत नाही. तसं तिला सांगितलं. ती भाजी चिरत राहिली.

१५ मार्च, शनिवार

पाऊस. अवेळीच.

१६ मार्च, रविवार, सकाळी ८

छत गळलं. खिडकीतून नव्हे, खिडकीच्या शेजारून. म्हणजे माझं काम पक्कं होतं, पाण्यानेच वाट बदलली.

चिठ्ठ्या बेचाळीसच्या बेचाळीस जागेवर आहेत. अक्षर एकीवरही नाही.

बायकोने विचारलं, कितपत नुकसान झालं? म्हटलं, काही नाही. ती म्हणाली, वॉर्डात एखादा पेशंट काही नाही म्हणाला की मी आधी डॉक्टरला बोलावते. आणि मिस्त्रीच्या गॅरेजकडे बघत राहिली. मी पडदा ओढला.

२० मार्च, गुरुवार

सगळ्या वायरी जोडल्या, निव्वळ आठवणीवर. या वयातही स्मरणशक्ती शाबूत आहे. दिवा लागला! डावीकडचा इंडिकेटर दिला की लागतो, पण लागतो.

२१ मार्च, शुक्रवार

सविस्तर चाचणी घेतली. ब्रेक दाबला की वायपर फिरतात. नळ सोडला की हॉर्न वाजतो. हॉर्न दाबला की काही होत नाही. नीट विचार केला तर ही सोयच आहे. नळ उघडा राहिला तर लगेच कळेल, पाणी वाचेल.

बायकोला दाखवलं. तिने हात धुतले. समोरून जाणारे दोन सायकलवाले टुणकन बाजूला झाले, मिस्त्री स्टुलावरून उठून उभा राहिला. बायको पोट धरून हसली. किती दिवसांनी! मग डोळे पुसत तिने विचारलं, आपण खरंच जाणार आहोत ना? म्हटलं, म्हणजे काय! ती म्हणाली, असू द्या, तरी मी बसचं बघून ठेवते. मला रागच आला. म्हटलं, एवढाही विश्वास नसेल तर संसार चालायचा कसा? ती म्हणाली, संसार चालतोय हो, गाडी चालत नाही.

उद्यापासून पहाटे पाचला उठून काम.

२२ मार्च, शनिवार

सव्वानऊला उठलो. विश्रांतीही हवी.

२६ मार्च, बुधवार

मिस्त्री स्वतः रस्ता ओलांडून आला. वाकून बघितलं, कपाळाला हात लावला. म्हणाला, दोन तासांचं काम आहे, द्या माझ्याकडे. मी तीन आठवडे राबतोय आणि हा म्हणतो दोन तास. त्याला यातली खोली कळलेलीच नाही. निघायचं कधी, असं त्याने विचारलं. सांगितलं, एक एप्रिलला. तो म्हणाला, तारीख झकास निवडलीत.

३१ मार्च, सोमवार

बायकोचा निरोप समारंभ चार वाजता होता. मी गाडीखालून बाहेर आलो तेव्हा पावणेपाच झाले होते. कपडे बदलून पोचेपर्यंत खुर्च्या आवरायला घेतल्या होत्या. वॉर्डातल्या मुली तिच्या गळ्यात पडून रडत होत्या. एकीने मला विचारलं, काका, तुम्ही कोणाला न्यायला आलात?

वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण हे सगळं तिच्यासाठीच तर चाललंय. रिक्षात तिला तसं सांगितलंही. ती म्हणाली, हो, माहीत आहे. आणि बाहेर बघू लागली.

१ एप्रिल, मंगळवार, सकाळी ६:१०

गाडी सुरू झाली!! बायको शेजारी, पिशवी मांडीवर.

६:२५

फाटकापर्यंत आलो. तिथपर्यंत उतार आहे.

७:००

बायको उतरली. म्हणाली, सव्वासातची बस आहे. तिकिटं तिने आठवड्यापूर्वीच काढली होती. दोन होती. म्हटलं, तू हो पुढे, तासाभरात गाडी घेऊन मागोमाग आलोच. तिने पिशवी खांद्याला लावली. दुसरं तिकीट हातातच होतं. म्हणाली, बघा बुवा. मग गेली.

दुपारी ३

तासाभरात हे जरा ढोबळमानाने म्हटलं होतं.

२ एप्रिल, बुधवार

बायकोचा मेसेज. साडेनऊला उठले, खिडकीतून समुद्र दिसतो, खोलीची मालकीणबाई म्हणते हवे तितके दिवस राहा.

तेव्हा नोंद करून ठेवतो, की शब्द पाळला गेला. मी दिला, तिने पाळला. नवरा-बायकोत कोणी पाळला याला महत्त्व नसतं.

३ एप्रिल, गुरुवार

दूध उतू गेलं. चष्मा सापडत नाही, आणि कुठे आहे ते सांगणारं घरात कोणी नाही. दुपारी ताट घेऊन कॅम्परमध्ये जाऊन बसलो. पलंग दोघांच्या मापाचा आहे. एकट्याला करमेना, म्हणून घरात येऊन जेवलो. भाजीत मीठ नव्हतं.

५ एप्रिल, शनिवार

मिस्त्रीला बोलावलं. सल्लागार म्हणून. त्याने आधी जुना फ्यूज काढून चिमटीत धरून दाखवला. जळलेला होता. दिव्याचं पहिल्या दिवसापासून तेवढंच होतं, म्हणाला. बाकीची सगळी करामत आपली. मग माझ्या वायरी सोडवून पुन्हा लावल्या. एक तास पन्नास मिनिटं, त्यात चहा धरून.

आता नळातून नुसतं पाणी येतं.

लगेच बायकोला फोन लावला. गाडी एकदम फर्स्ट क्लास झाली, उद्या उजाडताच निघतो, तुला आणि तुझ्या मालकीणबाईंना फिरवून आणतो, असं सगळं एका दमात सांगितलं. ती ऐकत होती. मागे लाटा ऐकू येत होत्या. मग म्हणाली, या. पण बसने या. पाना, पक्कड, काही आणू नका. रिकाम्या हातांनी या.

म्हटलं, जन्मभर तूच बजावत आलीस, कोणाकडे रिकाम्या हातांनी जाऊ नये. ती म्हणाली, कोणाकडे नाही येत आहात तुम्ही, माझ्याकडे येताय.

रेंज गेली असं सांगून फोन ठेवला.

६ एप्रिल, रविवार, सकाळी ७:४०, बसमध्ये

शेवटची रांग. बॅगेत दोन शर्ट, दाढीचं सामान, ही वही. स्क्रू ड्रायव्हर होता, तो निघताना काढून ठेवला. मागच्या खिशातला दुसरा स्टँडवर सापडला. तो कंडक्टरला देऊन टाकला.

माझ्या सीटचा एक नट ढिला आहे. वाकून नुसता बघत होतो, तर कंडक्टर म्हणाला, काका, हात वर घ्या.

हात वर घेतले. आता मांडीवर ठेवलेत. दोनदा धुतले, तरी नखांतलं ग्रीस गेलेलं नाही. पुरते रिकामे काही झाले नाहीत. तेवढं ती चालवून घेईल.