सोमवारची साखर

इडुक्की (केरळ), ६ जून १९९८

अव्वा, तुझ्या पायावर डोकं ठेवून रुद्रेशचं शरणू.

मी बरा हाय. खोकला गेला. अप्पांचं गुडघं कसं हायेत?

धाकट्या भूमिकानं पत्रात लिहिलंय, मी पाठवलेल्या मिरीच्या रोपातनं लांब पायांच्या पिवळ्या मुंग्या निघाल्या, गोठ्यापर्यंत पसरल्या. आपल्या काळ्या मुंग्या आता दिसतबी न्हाईत. आणि तू "लेकाकडनं आलेलं पावणं" म्हणून दर सोमवारी त्यांना साखर घालतीस.

अव्वा, हात जोडतो, साखर बंद कर. ह्या इथल्याबी न्हाईत, कुठनं तरी समुद्रापलीकडनं आल्यात. चावत न्हाईत, पण अंगातलं आंबट पाणी फवारत्यात. आमच्या मळ्यात कोंबडीची पिल्लं आंधळी झाली. मिरीची ती कुंडी मातीसकट उकळत्या पाण्यात बुडव. पाप मला लागू दे, मीच पाठवल्यात.

म्हस कधी व्यायची? रेडकू पडल्या पडल्या उचलून घरात घ्या. डोळं ओलं असत्यात, मुंग्या आधी तिथंच जात्यात.

भिऊ नको. शेजारच्या सोमशेखरअण्णांच्या घरी चार दिवस फोन लावतोय, लागत न्हाय. पत्राला धा दिवस लागत्यात.

मधी दोन सोमवार हायेत, अव्वा.

तुझा रुद्रेश