बावीस पुस्तके आणि एक राहिलेले नाव

मी, देवराम सहादू बोरस्ते, वय एकाहत्तर, धंदा बुकबाइंडिंग, राहणार पंचवटी, नाशिक, हे मृत्युपत्र कुणाच्या दबावाखाली न येता आणि कुणाच्या सल्ल्याला फारसे न जुमानता लिहून ठेवीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा दाखला डॉ. मयूर गायधनी यांनी दिला आहे. त्यांनी मला आजची तारीख विचारली. मी तारीख सांगितली आणि त्यांच्या टेबलावरच्या डायरीची शिवण उसवत चालली आहे, हेही दाखवून दिले. चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवता येत नाही, एवढीच काय ती माझी अडचण आहे.

घरादारासाठी मी हा कागद केला नसता. मला एकच मुलगा आहे, त्याचे त्याला मिळालेच असते. परंतु एका बाईचे नाव बावीस पुस्तकांवर लिहायचे माझ्या हातून राहिले. राहिले म्हणजे मी ते लिहिले नाही. ते मार्गी लावल्याशिवाय मला जायचे नाही.

१. पंचवटीतील राहते घर व बँकेत जे काही असेल ते माझा मुलगा किशोर यास मिळावे. तो पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे व माझी आठवड्यातून दोनदा फोनवर विचारपूस करतो. मागच्या खोलीच्या भिंतीवर, घरी खेळायला येणाऱ्या त्याच्या आईच्या बालवाडीच्या पोरांनी खडूने आणि गेरूने जे काही काढून ठेवले आहे, त्यावर रंग मारण्यापूर्वी त्याने एकदा नीट बघावे. मारलाच तर मी भांडायला येणार नाही.

२. रविवार कारंज्यावरील दुकान भाड्याचे आहे, ते मालकास परत जावे. दुकानातील पुस्तके दाबायचा शिकंजा, हातोडी व सरसाची भांडी ज्याला हवी त्याने न्यावीत. कटिंग मशीन मात्र पुंजा शिरसाठ यास द्यावे. हा माझ्या हाताखाली शिकला, मग दोन दुकाने सोडून स्वतःचा गाळा घेतला, माझी कचेऱ्यांची रजिस्टरे पळवली आणि गावभर सांगत सुटला की देवराम आता पोरांच्या चाटायच्या वह्या बांधतो. मी त्याच्याशी अकरा वर्षे बोललो नाही. तरीही मशीन त्यालाच, कारण नाशकात त्याच्याइतके सरळ कुणी कापत नाही. मशीनच्या दांड्याला पत्र्याची एक पट्टी बांधलेली आहे. तिच्यावर "आधी नाव बघ, मग काप" असे लिहिले आहे. ती पट्टी काढायची नाही, ही अट. तिचे कारण पुढच्या कलमात आहे व ते पुंजानेही वाचावे.

३. माझी पत्नी कै. सविता पंचवटीत एका महिला मंडळाची बालवाडी चालवीत असे. १९९१ साली तिने रद्दीवाल्याकडून देशोदेशीच्या चित्रकारांचे एक जाडजूड परदेशी पुस्तक आणले. पाठ निखळलेली, पाने सुटी. जगातली मोठी चित्रे चार वर्षांच्या पोरांना दाखवायची, असा तिचा बेत होता. मी म्हटले, अगं, यांना अजून नाक पुसता येत नाही. ती म्हणाली, डोळे तर आहेत ना.

मी पुस्तक झकास बांधले. मग कोणताही बाइंडर करतो तेच केले. कडा मळल्या होत्या म्हणून तीन बाजूंनी बोटभर कापून पुस्तक कोरे करकरीत केले. चित्रे पानाच्या कडेपर्यंत छापलेली होती आणि चित्रकारांची नावे अगदी खाली, कडेलाच होती. ती सगळी कातरणाच्या पोत्यात गेली. मला त्याचा पत्ताही नव्हता.

सविताचा बालवाडीत एक नियम होता. पोराने नुसती रेघोटी ओढली तरी खाली उजव्या कोपऱ्यात त्याचे नाव लिहायचे. दुसऱ्या दिवशी तृप्ती जाधव नावाची चार वर्षांची मुलगी तळ्यातल्या कमळांच्या चित्रावरून बोट फिरवत उजव्या कोपऱ्यापर्यंत गेली आणि तिने विचारले, "बाई, याचं नाव कुठंय?"

सविता दुपारी तडक दुकानात आली. तुम्ही चाळीस माणसांची नावे कापलीत, असे तिने मला गिऱ्हाइकांदेखत सुनावले. आयुष्यात तिची पुष्कळ बोलणी खाल्ली, त्यातली निम्मी मी आजही मान्य करीत नाही. ही मान्य केली. पोते अजून रद्दीत गेले नव्हते. तीन रविवार मी जमिनीवर बसून एकेक पट्टी एकेका पानाला लावून पाहिली. चाळीसपैकी बावीस नावे जुळली, बाकीच्यांचा भुगा झाला होता.

तिथूनच पुढचे सुचले. एक नाव, एक पुस्तक. बांधलेले पुस्तक मी पुन्हा उसवले. चित्रे जाड पुठ्ठ्यावर चिकटवली, कॅलेंडरांतून व मासिकांतून आणखी मिळवली आणि सविताने खाली मोठ्या अक्षरांत मजकूर लिहिला. "हे मोने आजोबा. यांच्या बागेत तळं होतं. म्हातारपणी यांना नीट दिसेना, तरी हे तळ्यातली कमळं काढत राहिले." किंवा, "हे होकुसाई. ही केवढी लाट. नाव बुडेल का? तुम्हीच सांगा." पोरे सांगत. सायखेड्याहून आलेला एक पोरगा म्हणाला, आमच्या गावात गोदावरी अशीच येती, पण नावाडी बुडत नाय. व्हिन्सेंटची सूर्यफुले पाहून एकीने ठरवले की त्यांना पाणी घातलेले नाही. रविवर्म्याच्या लक्ष्मीला कुणीतरी खरेच कुंकू लावले, ते अजून पानावर आहे. मी ते पुसलेले नाही व कुणी पुसू नये.

नऊ वर्षांत बावीस पुस्तके झाली. माझ्या हातून याहून चांगले काम झाले नाही. रजिस्टरे हजारो बांधली, ती आज कुठल्या तरी कचेरीत धूळ खात असतील.

४. यात गोजराबाईंचा भाग काय, ते आता लिहितो. हे मी पंधरा वर्षांपूर्वी लिहायला हवे होते.

गोजराबाई वाळू गांगुर्डे या बालवाडीच्या मदतनीस. खिचडी त्या करीत, पोरांना घरून आणीत, घरी पोचवीत. पहिले पुस्तक मी बाइंडरच्या रीतीने शिवले, ते पोरांनी आठ दिवसांत खिळखिळे केले. गोजराबाईंनी ते घरी नेले आणि गोधडीला घालतात तसा दुहेरी टाका घालून आणले. ते आजवर सुटलेले नाही. पुढची सर्व पुस्तके त्यांनीच शिवली. चिकटवायची खळही त्यांची. कसर लागू नये म्हणून आम्ही बाइंडर खळीत विषारी मोरचूद घालतो. त्यांनी मला ते घालू दिले नाही. पोरे पाने चाटतात, तुम्हाला एवढे कळत नाही का, असे विचारून त्यांनी कडुनिंबाचा पाला उकळून त्या पाण्यात कणकेची खळ शिजवली. चाळीस वर्षांच्या धंद्यात हे मला सुचले नव्हते.

आणि प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या पानावर मी माझ्या वळणदार अक्षरात लिहिले: "शब्द: सविता. बांधणी: देवराम." बावीस वेळा लिहिले. हात एकदाही अडखळला नाही.

१९९८ साली आम्हां नवराबायकोचा सत्कार झाला. शाल, नारळ, भाषणे. गोजराबाई चहाचा ट्रे फिरवीत होत्या. मी कप उचलला आणि शेजारच्याशी बोलत राहिलो. त्यानंतर पुस्तके फार मोलाची ठरली आणि मंडळाच्या चिटणीसांनी ती काचेच्या कपाटात कुलूपबंद केली. मी अर्ज लिहीत बसलो. गोजराबाईंनी एका सकाळी उलथन्याच्या टोकाने बिजागऱ्यांचे स्क्रू काढले, दार भिंतीला टेकवून ठेवले आणि पुस्तके पोरांपुढे मांडली. कुलूप जागच्या जागी होते.

पोरे चित्राखाली नाव काढायला शिकली, तशा त्यांच्याबरोबर गोजराबाईही शिकल्या. एके दिवशी त्यांनी मंडळाच्या हजेरीपटावर अंगठ्याऐवजी सही केली. कारकुनाने ती खोडायला लावली. मागे सगळे अंगठे आहेत, मध्येच सही आली तर तपासणीला जुळणार कसे, असे त्याचे म्हणणे पडले. त्यांनी निमूट अंगठा उमटवला. त्या दिवसापासून निवृत्त होईपर्यंत अंगठाच. सविता तिथे होती, ती कारकुनाशी भांडली. मी घरी ऐकले, वाईट झाले असे म्हणालो आणि जेवायला बसलो.

सविता २००३ साली गेली. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात ती मला म्हणाली, "अहो, एक नाव अजून कापलेलंच आहे." कुणाचे, ते मी विचारले नाही. मला ते कळले होते. तरी तीन वर्षे मी पेन उघडले नाही, कारण आता लिहायचे म्हणजे आधी लिहिले नव्हते हे कबूल करणे आले. मी हट्टी माणूस आहे, आणि या बाबतीत भित्राही निघालो.

५. म्हणून या मृत्युपत्राच्या पहिल्या मसुद्यात मी बावीसही पुस्तके गोजराबाईंना दिली होती; सविता गेल्यावर मंडळाने ती माझ्याकडे परत केली होती. किशोरचे मत ती प्लास्टिकमध्ये घालून जपावीत असे होते. ते मी ऐकून घेतले. गोजराबाईंना पुस्तके देऊन एकदाचे ऋण फिटेल, असा माझा हिशेब होता.

गेल्या सोमवारी वकील दीपक निकम यांच्याकडे मसुदा वाचला. गोजराबाईंना मीच बोलावले होते. त्यांना काय मिळणार ते त्यांनी ऐकले आणि विचारले की खाली सह्या कोण करणार. वकीलसाहेब म्हणाले, दोन साक्षीदार लागतात, एक डॉक्टर आहेत, दुसरे बघू. गोजराबाई म्हणाल्या, मी करते. वकीलसाहेबांनी समजावले की ज्याला काही द्यायचे त्याचीच साक्ष घेतली तर उद्या कुणी शंका काढील, तेव्हा दोन्हींतले एकच धरा.

गोजराबाई माझ्याकडे वळल्या. मग मला म्हणाल्या, "मंग मला काय नका देऊ दादा. पुस्तकं पोरांची हायेत, ती मी घेऊन काय करू? मला सही करू द्या. कोणी खोडणार नाय अशी."

वकीलसाहेबांनी पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला.

६. त्यानुसार मसुदा बदलला आहे. बावीस पुस्तके तृप्ती जाधव हिला मिळावीत. नाव कुठे आहे असे विचारणारी हीच ती मुलगी. आता ती बालवाडी शिक्षिकेचे शिक्षण घेते. तिने पुस्तके कपाटात ठेवू नयेत, जमिनीवर पोरांच्या हाताला येतील अशी ठेवावीत. पान फाटले तर ओरडू नये, चिकटवावे. खळीची कृती गोजराबाईंकडून समजून घ्यावी. वर्षाअखेर एकही पान मळलेले नसेल, तर किशोरने तिला जाब विचारावा.

७. या मृत्युपत्राने गोजराबाई गांगुर्डे यांना काहीही मिळत नाही, हे मी स्पष्ट करतो. माझे शिवणकामाचे दाभण व सुयांचा डबा मी त्यांना परवाच हातोहात दिला. जिवंतपणी दिलेली वस्तू मृत्युपत्रात येत नाही, असे वकीलसाहेबांनीच मला सांगितले आहे.

८. काल गोजराबाई घरी आल्या होत्या. मी बावीस पुस्तके काढली, शेवटची पाने उघडली आणि पेन हातात घेतले. त्यांनी ते माझ्याकडून काढून घेतले. माझे नाव मीच लिहिते म्हणाल्या. सकाळी बसल्या त्या दुपारपर्यंत लिहीत होत्या. मी चहा केला आणि त्यांना नेऊन दिला. आता प्रत्येक पुस्तकात शेवटच्या पानावर खाली उजव्या कोपऱ्यात तिसरे नाव आहे.

वरील सर्व मजकूर मी वाचला, दोन ठिकाणी डोळे पुसले, परंतु शब्द एकही बदलला नाही. दोन्ही साक्षीदारांसमोर मी सही केली व त्यांनी माझ्यासमोर केली.

ठिकाण: नाशिक
दिनांक: १९ जानेवारी २००६

(सही) देवराम सहादू बोरस्ते

साक्षीदार:

१. (सही) डॉ. मयूर गायधनी, पंचवटी, नाशिक

२. (सही) गोजराबाई वाळू गांगुर्डे, पंचवटी, नाशिक

टीप: साक्षीदार क्र. २ यांच्या नावापुढे टंकलेखकाने सवयीने "निशाणी डावा अंगठा" असे छापले होते. ते शब्द मी माझ्या हाताने खोडले आहेत. ही खोड मला मान्य आहे. दे. स. बो.