छातीचा फोटो

शेलार, २२ नोव्हेंबर २००७

प्रिय अतिया,

तुला नोकरी लागली हे वाचून मी युनिफॉर्मवरच आईला मिठी मारली. माझंही छान चाललंय. बाळंतिणींचा वॉर्ड, सकाळची शिफ्ट. लूमवाल्यांच्या बायका अर्धं तेलुगू, अर्धं हिंदी बोलतात, मी हातवारे करते, आणि सगळ्या हसतात. वजन बावन्न किलो झालंय, गाल वर आलेत.

एक गोष्ट मात्र तुझ्यापासून लपवली होती. रुजू व्हायची तारीख पुढे गेली, असं मी नर्सिंग होस्टेलच्या तुम्हा सगळ्या मैत्रिणींना सांगितलं, ते खोटं होतं. मार्चमध्ये माझी निवड झाली म्हणून बाबांनी गल्लीभर पेढे वाटले आणि चौथ्या दिवशी भरतीच्या तपासणीत माझ्या छातीच्या फोटोत डाग निघाला. टीबी. खोकला दोन महिने होता गं, पण होस्टेलच्या जेवणावर ढकलत होते. नर्स असून!

वाटलं, नोकरी गेली. मी मेट्रन हफसा मॅडमना हात जोडले, मला घ्या म्हटलं, तोंडाला रुमाल बांधून काम करीन. त्या चिडल्या नाहीत. मला बाळांच्या खोलीच्या काचेपाशी नेलं, आत तीन दिवसांचं बाळ झोपलं होतं. “याच्यावर खोकशील?” एवढंच विचारलं. मग म्हणाल्या, “जागा ठेवते. आधी गोळ्या.”

घरी आई सगळ्यांना सांगत होती, मी मावशीकडे गेलेय. लग्नाचं कसं होणार, हीच तिची धास्ती. बाबांनी मात्र ओट्यावर बसून चारचौघांत सांगून टाकलं, “पोरीला आजार झालाय. चोरी न्हाय केली तिनं.” त्या दिवशी मी पहिल्यांदा पोटभर जेवले.

सहा महिने गोळ्या घेतल्या. सुरुवातीला उलट्या, लघवी नारिंगी, आई घाबरायची. दोन महिन्यांनी थुंकीची तपासणी साफ आली, डॉक्टरांनी परवानगी दिली आणि जूनमध्ये मी कामावर लागले. मॅडमनी खरंच जागा ठेवली होती. सप्टेंबरात गोळ्यांचा कोर्स संपला.

आता तुझ्या चिठ्ठीचं. नोकरीच्या तपासणीला माझा आताचा साफ फोटो तुझ्या नावावर दाखवायला मागतेस. महिनाभर खोकतेयस हेही ओझरतं लिहिलंयस. अतिया, फोटो देणार नाही. रागव हवं तर. सोमवारी माझी सुट्टी आहे. सकाळच्या गणेशपुरी एस.टी.ने ये, मी भिवंडीच्या स्टँडवर उभी राहीन. आधी तुझा फोटो काढू, मग बिर्याणी खाऊ. डाग निघाला तरी खाऊच.

वाट बघणारी तुझीच,
उन्नती